शेवटचा हात कुणाचा?

सातारा ते सांगली या पट्ट्यात जुने ड्रायव्हर अजून थोडे उरले आहेत. त्यांच्यातल्या कुणापाशी मिस्त्रींचं नाव काढलं की तो आधी कानाच्या पाळीला हात लावतो आणि म्हणतो, "लय मोठा मानूस. त्येच्या हातची एकच गाडी माघारी आली बगा." मग ती एक गाडी कोणती, कशी आली, यावर चहाचे दोन-तीन कप जातात. मी तिथे असलो तर माझा कप अर्धा टाकून उठतो. वीस वर्षं असाच उठत आलो.

त्यांचं नाव मी एकदाच, पलटणीच्या कागदावर वाचलं होतं. एरवी ते मिस्त्रीच. गाव माण तालुक्यातलं, घर मेंढरं राखणारांचं. उंच, वाळके, गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी, डोक्याला मुंडासं आणि पाय कायम उघडे. दुसऱ्या मोठ्या लढाईत ब्रह्मदेशाच्या रस्त्यांवर त्यांनी चार वर्षं गाड्या चालवल्या आणि दुरुस्त केल्या. येताना दोन गोष्टी घेऊन आले, एक तिसऱ्या दिवशी येणारा हिवताप आणि दुसरी हातभर लांबीची एक लाकडी काठी.

ती काठी म्हणजे त्यांचं सगळं शास्त्र. इंजिन चालू ठेवायचं, काठीचं एक टोक गिअरच्या पेटीला लावायचं, दुसरं दातांत धरायचं आणि दोन्ही कान हातांनी बंद करायचे. असे ते दहा-दहा मिनिटं गाडीखाली पडून राहत. पोवई नाक्याजवळच्या आमच्या पत्र्याच्या शेडवरून जाणाऱ्या माणसांना वाटे, मिस्त्री गाडीखाली ऊस खात पडलेत. मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, कानानं ऐकायचं ते दातानं काय ऐकता?"

"मास्तर, कानात समदा सातारा घुसतोय. दातात नुसती पेटी येती." मग काठी पुसत म्हणाले, "माजा बा अंधारात मेंढी खोकली तर सांगायचा, कुठली ती. त्येचं कुनाला नवाल न्हवतं. माज्या पेटीच्या खोकल्याचंच तेवढं तुमाला नवाल."

मला ते मास्तर म्हणत, कारण मी वाईचा, मॅट्रिक झालेला आणि चष्मा लावणारा. लढाईत पुण्याला लष्करी कोठारात कारकून होतो. तिथे मोटारींची इंग्रजी पुस्तकं वाचायची सवय लागली. लढाई संपली, नोकरी गेली, आणि मी मिस्त्रींचा भागीदार झालो. सत्ताविसावं चालू होतं, लग्न झालेलं. वाटणी अशी की मी पुस्तक वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं. मी एखादं पान मराठीत करून सांगितलं की ते मान हलवून म्हणत, "बरोबर लिवलंय. शाना हाय सायेब."

गिअर अडतोय म्हणून गाडी आली की दुसरा कुणी मिस्त्री लगेच पाने-पक्कड घेऊन बसेल. आमचे मिस्त्री आधी मालकाला बाकड्यावर बसवत. प्रश्न तीनच. "थंड असताना अडतोय का तापल्यावर?" "चढताना का उतरताना?" आणि तिसरा, जरा थांबून, "शेवटी कुनी हात लावला?" पहिल्या दोहोंची उत्तरं लोक पटकन देत. तिसऱ्याला खाकरत.

मलकापूरचे एक निवृत्त सुभेदार होते, कराडला लागून त्यांचा ऊस होता. त्यांची जुनी अमेरिकन गाडी सकाळी गिअरच घेईना. ऊन वर आलं, गाडी तापली, की ठीक. मिस्त्रींनी पेटीचं बूच काढून बोट बुडवलं, वास घेतला, चक्क जिभेला लावलं.

"सुभेदार, गाडीचं पोट बिघडलंतं का वं?"

"न्हाई. का?"

"मग एरंडेल कशापायी पाजलं?"

लढाईनंतरही पेटीत घालायचं तेल धड मिळत नव्हतं. सुभेदारांनी गावच्या घाण्यावरचं एरंडेल जुन्या तेलावर वरून ओतलं होतं. ती दोन तेलं एकमेकांत मिसळत नाहीत, आत डिंकासारखा चिकटा धरतो. सुभेदार ओशाळून म्हणाले, "आवं, मानसाला तर लय गुन येतो."

"मानसाचं मोकळं हुतं. हिचं बांधलंय."

सुभेदार पोट धरून हसले. पुढे ते सगळीकडे हीच गोष्ट सांगत हिंडले. आमच्याकडे निम्मी गिऱ्हाइकं त्या एरंडेलानं आली.

गिअरच्या दांड्याला मिस्त्री कधी मुठीत धरत नसत. दोन बोटं आणि अंगठा, चिमटीत मीठ घ्यावं तसं. "गिअर मागून घ्यायचा असतो, मास्तर. वढून न्हाई." पायात बूट घातलेल्या माणसाला ते गाडी तपासूच देत नसत, बूट घातला की क्लच मुका होतो म्हणून. आणि दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी स्वतः यवतेश्वराच्या घाटानं वर नेत आणि ब्रेकला पाय न लावता, नुसत्या गिअरवर खाली आणत. त्याला आमच्यात शब्द होता, गाडी 'उतरवून आणणं'. ते म्हणत, "चढताना समद्याच गाड्या गुनी असत्यात. हिचं खरं खोटं उतरताना कळतं." उतरवून आणलेली गाडीच मालकाच्या ताब्यात जायची. म्हणून त्यांच्या हातची गाडी माघारी येत नसे. या एका गोष्टीचा त्यांना गर्व होता. दुसरा कुठलाच गर्व मी त्यांच्यात पाहिला नाही.

मग ती हिरवी गाडी आली.

सांगलीकडच्या एका छोट्या संस्थानच्या धाकट्या सरकारांनी ती विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून घेतली होती. लांब नाकाची, उघडी, दोन माणसांपुरती, तारांच्या चाकांची. शर्यतीच्या जातीची गाडी. धाकटे सरकार बाविशीतले, मोकळे, हसरे. बरोबर संस्थानचे कारभारी होते. त्यांना मात्र आमच्या शेडचा पत्राही आवडला नव्हता.

तक्रार एकच. दुसरा गिअर टाकताना करकर. हात थरथरेपर्यंत करकर. पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या मोठ्या कारखान्यांत मिळून पेटी तीनदा उघडली होती. कारखान्यात गाडी छान चालायची, राजवाड्यात पोचली की पुन्हा करकर.

मिस्त्रींनी दोघांनाही बाकड्यावर बसवलं. कारभारी रुमाल अंथरून बसले. पहिले दोन प्रश्न झाले. गाडी थंड असो वा तापलेली, चढ असो वा उतार, करकर सारखीच. मग तिसरा.

"कारखान्यातनं घरी आल्यावर शेवटी कुनी हात लावला?"

"कोण लावणार?" कारभारी चिडले. "राजवाड्यात गाडीला कुणी हात लावत नाही. धुणं, पुसणं आणि गालिचा घालणं, एवढंच."

"कसला गालिचा?"

गाडीत पायाखाली बोटभर जाडीचा, वेलबुट्टीचा गालिचा होता. साहेबाच्या वेळी तिथे नुसती फळी होती. सरकारांच्या पायाखाली फळी कशी असेल, म्हणून थोरल्या वाड्यातला गालिचा कापून बसवलेला. मिस्त्री उघड्या पायानं आत बसले, क्लच दाबला आणि पायाकडे बघत राहिले. मग उतरले, गालिचा काढला, त्याची नीट घडी केली आणि कारभाऱ्यांच्या मांडीवर ठेवली. पुन्हा बसले. दोन बोटांनी दुसरा गिअर मागितला. गाडीनं हूं की चूं न करता दिला.

क्लच शेवटपर्यंत दबतच नव्हता, गालिच्यात रुतून थांबत होता. प्रत्येक कारखान्यात पेटी उघडायची म्हणून गालिचा आधी अदबीनं बाहेर काढत, त्यामुळे तपासताना गाडी ठीक. आणि राजवाड्यात पोचल्यावर तो अदबीनं परत बसे.

"पण तीनदा पेटी उघडली हो!" कारभारी गालिचा धरून म्हणाले.

"गालिचा उगडायचा हुता," मिस्त्री म्हणाले.

धाकटे सरकार गाडीच्या नाकावर हात आपटून हसले. आजही ते दृश्य आठवलं की माझी छाती भरून येते. मी त्या माणसाचा भागीदार होतो.

सरकार तिथल्या तिथे म्हणाले, "मिस्त्री, आमचा मोटारखाना तुम्ही सांभाळा. राहायला घर देऊ." आमच्या पत्र्याच्या शेडसमोर हे केवढं होतं! मिस्त्री एवढंच म्हणाले, "बगू. येवढी करकर सोसून चक्रांचं दातं झिजल्यात. पेटी एकदा उगडून नीट करू. आदी ही उतरू द्या."

पेटी उघडायची त्यांची एक रीत होती. जमिनीवर पांढरं धोतर अंथरायचं आणि निघेल तो भाग निघेल त्या क्रमानं त्यावर मांडायचा. तिला ते पंगत म्हणत. पंगत मांडली की तिच्याशी बसलेल्या माणसानं उठायचं नाही. पाणी प्यायचं नाही, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. शेवटचा भाग पेटीत गेला की पंगत उठली. त्यात गंमत वाटायची, पण त्यांच्या पंगतीतून कधी वॉशरसुद्धा हरवला नव्हता.

दाते घासून झाले त्या दिवशी नेमकी हिवतापाची पाळी आली. मिस्त्री शेडच्या कोपऱ्यात बाजेवर दोन घोंगड्यांखाली कुडकुडत पडले आणि पहिल्यांदा पंगत माझ्या हाती आली. माझे हात वाईट नव्हते. त्यांनीच शिकवलेले होते.

निम्मी पेटी भरली असेल तोवर बाहेर कारभारी आले. सरकारांना दुसऱ्या दिवशी पाचगणीला जायचं होतं, पाहुणे यायचे होते. दारातूनच त्यांनी हाक मारली, "अहो मिस्त्री!"

ती हाक मला होती. त्यांनी मला मिस्त्री म्हटलं होतं.

मी उठलो. टोपी सारखी करून पुढे गेलो, गाडी संध्याकाळपर्यंत तयार होते म्हणालो. परत फिरताना पंगतीच्या धोतराच्या काठात पाय अडकला. काही भाग घरंगळले. सगळे गोळा केले, एक सोडून. बोटाच्या पेराएवढी एक स्प्रिंग शेडमधल्या मोरीत गेली होती.

ती काय करते, हे सांगतो. गिअरच्या पेटीत सळ्या मागेपुढे सरकतात. प्रत्येक सळीला खाच असते, आणि खाचेत एक छर्रा स्प्रिंगनं दाबलेला असतो. गिअर टाकला की छर्रा खाचेत बसतो आणि गिअर जागेवर राहतो. सगळी मदार त्या पेराएवढ्या स्प्रिंगवर. हरवली ती तिसऱ्या गिअरच्या सळीची होती.

फळीवर जुन्या स्प्रिंगांचा पत्र्याचा डबा होता. त्यात तेवढ्याच लांबीची एक सापडली. तार बारीक होती. दाबून पाहिली, मऊ लागली. माझ्या हाताला ते कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगून पाहिलं. मी ती घातली.

घोंगडीतून आवाज आला, "मास्तर, पंगत उठली का?"

"उठली."

"समदी जेवली?"

"सगळी."

त्यांनी कूस बदलली. "मग उतरवून आना."

मी गाडी बाहेर काढली. घाटाकडे न वळता कृष्णेकडच्या सपाट रस्त्यानं निघालो. उशीर झाला होता, हे खरं. धाकटे सरकार थांबले होते, हेही खरं. पण घाटाची मला भीती वाटली, हे त्याहून खरं. सपाटीवर गाडी वाऱ्यासारखी गेली. माणसं थांबून बघत होती आणि मला ते आवडत होतं.

परत आलो तेव्हा मिस्त्री बाजेवर उठून बसले होते. डोळे तापानं लाल. त्यांनी मला कधी नव्हे ते एकेरी विचारलं, घरच्या माणसाला विचारावं तसं, "उतरवून आनलीस न्हवं?"

मी म्हटलं, "हो."

ते पुन्हा आडवे झाले. स्वतः न उतरवलेली गाडी त्यांनी दुसऱ्याच्या शब्दावर सोडली, ती आयुष्यात एवढी एकच.

पाचगणीला गाडी झोकात चढली. चढताना जोर एका बाजूनं लागतो, स्प्रिंग मऊ असली तरी गिअर धरून राहतो. दुसऱ्या दिवशी पसरणीचा घाट उतरताना जोर उलटा झाला आणि तिसरा गिअर निसटला. गाडी मोकळी सुटली. ब्रेक तापून धरेनात. धाकट्या सरकारांनी प्रसंगावधान राखून दरीची बाजू सोडली आणि गाडी डोंगराच्या अंगाच्या चरीत घातली. पुढचं चाक मोडलं, त्यांचा डावा हात मोडला. जीव वाचला.

गाडी दुसऱ्या मोटारीमागे बांधून आमच्या दारात आली. मिस्त्रींनी अख्ख्या आयुष्यात पाहिलेली पहिली माघारी आलेली गाडी.

मिस्त्रींचा ताप उतरला होता. त्यांनी धोतर अंथरलं. कारभारी उभे होते, मोडलेला हात गळ्यातल्या झोळीत घेतलेले धाकटे सरकार बाकड्यावर होते. मिस्त्रींनी रीत मोडली नाही.

"थंड असताना का तापल्यावर?"

"तापली होती," सरकार म्हणाले.

"चढताना का उतरताना?"

"उतरताना. तिसरा आपोआप सुटला."

मिस्त्रींनी मग बाकी पेटीला हातसुद्धा लावला नाही. बाजूचा एक बोल्ट काढला, स्प्रिंग तळहातावर घेतली, अंगठ्यानं दाबली. एकदा फळीवरच्या डब्याकडे पाहिलं. त्या डब्यातली प्रत्येक स्प्रिंग कुठल्या गाडीतून आली, हे त्यांना पाठ होतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी तीन हातांवर उभा होतो. तोंड उघडलं असतं तर पुरलं असतं.

"आता तिसरं विचारा की," कारभारी म्हणाले. "शेवटी कुणी हात लावला?"

मिस्त्रींनी मूठ मिटली, मुंडासं काढून काखेत धरलं आणि सरकारांसमोर उभे राहिले.

"माजा. शेवटचा हात माजा हाय, सरकार."

धाकटे सरकार भले होते, त्यांनी शब्दानं दुखवलं नाही. कारभाऱ्यांनी कसर भरून काढली. आठ दिवसांत साताऱ्यात सगळ्यांना माहीत झालं की मिस्त्रींचा हात चुकला. महिन्यानं कारभाऱ्यांचा निरोप आला, मोटारखान्याला शिकलेला माणूस हवा आहे. तो निरोप मला होता. मी गेलो. घरात पहिलं मूल यायचं होतं, असं कारण मी तेव्हा दिलं. कारण आणखीही होतं. त्या शेडमध्ये मला राहवत नव्हतं. मी निघालो तेव्हा मिस्त्री गाडीखाली होते. खालूनच म्हणाले, "जपून ऱ्हावा, मास्तर."

संस्थान पुढे विलीन झालं, मोटारखाना मोडला, मी सांगलीला स्वतःचं गॅरेज काढलं. मिस्त्री शेड बंद करून माणात गेल्याचं कळलं. पुढे एकदा मन घट्ट करून मी त्यांच्या गावी गेलो. उघड्या माळावर एका विहिरीशी ते तेलाच्या इंजिनाला काठी लावून पडले होते, कान बंद करून. भोवती पाच-सहा माणसं चूप उभी होती. पाण्याच्या त्या दुष्काळी मुलखात त्यांच्या दातांवर चार गावांच्या विहिरी चालत होत्या. आपल्या गुरूला असा बघून अभिमानानं डोळे भरतात आणि लाजेनं मान खाली जाते, दोन्ही एकदम, हे मला तिथे कळलं.

बाभळीखाली बसून मी एका दमात सगळं सांगितलं. स्प्रिंग, डबा, सपाट रस्ता. त्यांनी तंबाखू मळायचं थांबवलं नाही.

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"तवाच. ती मऊ स्प्रिंग सुभेदाराच्या गाडीची हुती. मीच टाकलीती डब्यात."

"मग बोलला का नाहीत, मिस्त्री?"

"काय बोलायचं? गाडी मी उतरवायची. ताप हुता तर ताप उतरल्यावर उतरवायची, सरकारला थांबवायचं. मी तुला इचारलं आनि गाडी सोडली. मंग शेवटचा हात कुनाचा?"

"माझा, मिस्त्री. खोटं मी बोललो."

"त्ये तुजं झालं." तंबाखू तोंडात टाकून त्यांनी हात झटकले. "माजं मी सांगितलं सरकारला. तुजं तू बग. माज्यासाठी काय करू नगंस. पर तुज्या पोटात करकर हाय, ती दुसऱ्या कुनाला काडता यायची न्हाई."

उठताना त्यांनी ती काठी माझ्या हातात दिली. मी नको म्हणालो तर म्हणाले, "घ्या वं, मास्तर. माजं दात हालाय लागल्यात. आता समद्याच गाड्या खडखडत्यात." आणि स्वतःच्याच विनोदावर मोठ्यानं हसले.

तरीही मी बोललो नाही. गॅरेज वाढत होतं, नाव होत होतं. माझ्या गॅरेजच्या भिंतीवर ते तीन प्रश्न मोठ्या अक्षरांत रंगवलेले आहेत. गिऱ्हाईक आलं की माझी माणसं आधी त्याला बाकड्यावर बसवतात. लोक म्हणतात, शेठ, काय पद्धत आहे तुमची! मी आतल्या खोलीत बसतो, आणि दिवसातून पाच-सहा वेळा बाहेरून तिसरा प्रश्न ऐकू येतो. वीस वर्षं.

गेल्या महिन्यात माणातल्या दहिवडीहून पत्र आलं, मिस्त्री गेले. शेवटपर्यंत इंजिनं दुरुस्त करत होते. मी जाऊन आलो. विहिरीवरच्या माणसांना त्यांच्या मोटारीच्या दिवसांची एवढीच गोष्ट माहीत होती की साताऱ्यात त्यांच्या हातची एक गाडी माघारी आली होती. ती त्यांनीच सांगितलेली. सांगताना माझं नाव घेतलं नव्हतं.

म्हणून हे लिहिलं. त्यांच्यासाठी नाही, ते नको म्हणाले होते. जुन्या ड्रायव्हरांनो, पुढच्या वेळी चहावर विषय निघाला की एवढी दुरुस्ती करून सांगा. मिस्त्रींच्या हातची एकही गाडी कधी माघारी आली नाही. जी आली, तिला शेवटचा हात माझा होता.